साखर जागेवर आल्यानंतरचा प्रश्न

मधुमेह असलेल्या माणसाचे वागणे एकाएकी बदलले, तो असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला किंवा त्याला आकडी आली, तर घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा पहिला डॉक्टरही एकच कारण सांगतो, ते म्हणजे साखर. हे कारण बहुतेक वेळा खरेच असते आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. कारण जे उत्तर एरवी बरोबर निघते ते उरलेल्या वेळी पारखून घेण्याची कोणालाच गरज वाटत नाही. या उरलेल्या रुग्णांपैकी काहींच्या मेंदूला सूज आलेली असते, आणि ती कोणत्याही जंतूने आणलेली नसून रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने आणलेली असते. वैद्यकाने या आजाराला स्वयंप्रतिकारजन्य मेंदूदाह असे नाव दिले आहे. तो दुर्मीळ आहे, वेळीच ओळखला तर बऱ्याच अंशी बरा होणारा आहे आणि मधुमेहाशी त्याचे नाते एकेरी नाही. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील दोन तालुक्यांच्या संदर्भात हे नाते तपासले, तर असे दिसते की येथील रुग्णाला खरी गरज महागड्या तपासणीआधी एका साध्या शिस्तीची आहे. साखर सुधारल्यानंतरही माणूस भानावर आला नाही, तर 'साखर' हे निदान तेथेच रद्द समजण्याची ती शिस्त होय.

आजाराची ओळख तशी अलीकडची आहे. अंडाशयात गाठ असलेल्या आणि मानसिक लक्षणांनी सुरुवात होऊन पुढे झटके, हातापायांच्या विचित्र हालचाली व बेशुद्धी येथवर पोचलेल्या काही तरुण स्त्रियांची नोंद २००५ मध्ये झाली. त्यानंतर २००७ मध्ये जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२ स्त्रियांच्या रक्तात व मेंदूभोवतीच्या पाण्यात एक विशिष्ट प्रतिपिंड दाखवून दिले. प्रतिपिंड म्हणजे बाहेरून आलेल्या जंतूला चिकटून त्याचा बंदोबस्त करण्यासाठी शरीराने तयार केलेले प्रथिन. या स्त्रियांमध्ये मात्र ते मेंदूतील चेतापेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या आणि स्मरण, विचार व वर्तन यांच्याशी निगडित असलेल्या 'एनएमडीए' नावाच्या ग्राहकाला चिकटत होते. तोवर अशा रुग्णांपैकी कित्येकांची रवानगी मनोरुग्णालयात होई किंवा विषाणू न सापडलेला मेंदूज्वर म्हणून त्यांच्या कागदांवर शेरा पडे. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे चार पंचमांश रुग्ण दोन वर्षांच्या अखेरीस चांगल्या स्थितीत होते आणि उपचार लवकर सुरू झालेल्यांची प्रकृती अधिक सुधारली होती. मेंदूच्या इतक्या गंभीर आजारात असे निकाल क्वचितच पाहायला मिळतात, आणि म्हणून येथे उशिराची किंमत मोठी आहे.

मधुमेहाशी असलेला धागा याहून जुना आहे व तो वेगळ्या वाटेने हाती लागला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फ्रेडरिक मर्श आणि हेन्री वोल्टमन यांनी १९५६ मध्ये १४ रुग्णांचे वर्णन केले. या रुग्णांच्या पाठीचे, पोटाचे व मांड्यांचे स्नायू लाकडासारखे ताठ होत आणि नुसत्या मोठ्या आवाजानेही त्यांना वेदनादायक पेटके येत. अशा ताठरतेसोबत अपस्मार आणि लहान वयातला, इन्सुलिनवाचून न चालणारा मधुमेह असलेल्या एका रुग्णाच्या रक्ताचा १९८८ मध्ये मिकेले सोलिमेना, पिएत्रो द कामिली आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा त्यातील प्रतिपिंडे 'जीएडी' नावाच्या विकरावर रोखलेली असल्याचे आढळले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे विकर ग्लुटामेट या मेंदूला चेतवणाऱ्या रसायनापासून 'गाबा' हे मेंदूला आवरणारे रसायन बनवते. याच सुमारास मधुमेहाचे संशोधक दुसऱ्या टोकाने एका कोड्याशी झगडत होते. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे स्वादुपिंडाच्या ६४ किलोडाल्टन वजनाच्या एका प्रथिनावर हल्ला करतात हे त्यांना ठाऊक होते, पण ते प्रथिन कोणते याचा पत्ता लागत नव्हता. स्टाइनुन बेक्केस्कोव्ह यांच्या गटाने १९९० मध्ये ते प्रथिन म्हणजेच जीएडी असल्याचे सिद्ध केले. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातील बीटा पेशी आणि मेंदूला आवर घालणाऱ्या चेतापेशी यांच्यात हे विकर समान आहे, आणि ते आपलेच आहे हे न ओळखणारी प्रतिकारशक्ती एकाच माणसाच्या दोन दूरच्या अवयवांना आजारी पाडू शकते. ताठरतेच्या या आजाराच्या जवळपास एकतृतीयांश रुग्णांना पहिल्या प्रकारचा मधुमेह असतो. याच प्रतिपिंडांसोबत मेंदूच्या आतल्या, स्मरण व भावना सांभाळणाऱ्या भागाचा दाह आणि औषधांना न जुमानणारा अपस्मारही आढळतो.

येथवरची हकीकत इतकी सुबक आहे की तिच्यावर सगळा भार टाकण्याचा मोह व्हावा, आणि तो मोह टाळणे आवश्यक आहे. जीएडीची प्रतिपिंडे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या नव्या रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात असतात. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांच्या घरात जाते. त्यांतील जवळजवळ सर्वांचा मेंदू ठणठणीत असतो. अगदी निरोगी माणसांतही शंभरात एखाद्याच्या रक्तात त्यांची हलकी पातळी सापडते. मेंदूचा आजार घडवणाऱ्या प्रतिपिंडांची पातळी सहसा या पातळीच्या कित्येक पट, काही वेळा शेकडो पट, अधिक असते आणि ती मेंदूभोवतीच्या पाण्यातही आढळते. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र दोन्ही रुग्णांसमोर ठळक अक्षरांत एकच शब्द छापून येतो, 'पॉझिटिव्ह'. अमेरिका आणि ब्रिटनमधील सहा नामवंत केंद्रांनी २०२३ मध्ये स्वयंप्रतिकारजन्य मेंदूदाहाचे चुकीचे निदान झालेल्या १०७ प्रौढ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७२ टक्के रुग्ण या आजाराच्या मान्य प्राथमिक निकषांतही बसत नव्हते, आणि रक्तातल्या अविशिष्ट प्रतिपिंडांना नको इतके महत्त्व देणे हे चुकीचे एक प्रमुख कारण होते. अशा रुग्णांना विनाकारण स्टेरॉइडे व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मिळाली. तेव्हा मधुमेही रुग्णाच्या बाबतीत धोका दोन्ही बाजूंनी आहे. साखरेच्या नावाखाली मेंदूदाह झाकला जाऊ शकतो, तसाच मधुमेहाचे साधे प्रतिपिंड मेंदूदाहाचा खोटा पुरावाही ठरू शकते. दुसरा धोका पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत अधिक संभवतो आणि पहिला तालुक्याच्या गावी, म्हणून या लेखात पहिल्याचा विचार विस्ताराने केला आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन अगदी वेगळे भाग पडतात. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर या बाजारपेठा, डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांच्या पाण्यावरचा ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आणि त्यातून आलेला पैसा आहे. या भागातील मधुमेह शहरी मधुमेहाला जवळचा आहे आणि तेथे 'शुगर' हा शब्द चावडीपासून सलूनपर्यंत सहज वापरात आहे. पश्चिमेला भीमाशंकरची रांग, आहुपे, नाणेघाट, हातवीज, दुर्गवाडी या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, भाताची आवणी, हिरड्याची वेचणी आणि पावसाळ्यात धोक्याचे घाटरस्ते आहेत. येथील मधुमेही हा पुष्कळदा सडपातळ, अंगमेहनत करणारा, तिशी-पस्तिशीतला माणूस असतो आणि त्याचा मधुमेह नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. साखर जास्त निघाली की गोळ्या सुरू होतात.

हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा असता कामा नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील खेड्यांत मातांच्या पोषणाचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून 'दिसायला बारीक पण आतून चरबी साठवणारा' भारतीय देह जगाच्या नजरेस आला आणि मधुमेहाची पाळेमुळे गर्भावस्थेतील कुपोषणापर्यंत जातात हा विचार रूढ झाला. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये वेगळा प्रकार मानले होते, १९९९ मध्ये ते वर्गीकरण काढून टाकले आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या अधिवेशनात त्याला 'पाचवा प्रकार' म्हणून पुन्हा मान्यता दिली. सडपातळ रुग्णाचा मधुमेह या पाचव्या प्रकारचा असू शकतो, नेहमीच्या दुसऱ्या प्रकारचा असू शकतो, किंवा प्रौढ वयात सावकाश येणारा स्वयंप्रतिकारजन्य मधुमेह असू शकतो, ज्यात जीएडीची प्रतिपिंडे सापडतात आणि काही वर्षांत गोळ्या निकामी होऊन इन्सुलिन लागते. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेसाठी करायचा नसतो. ज्याचा मधुमेहच स्वयंप्रतिकारजन्य आहे त्याला थायरॉइडचा, जठराचा, क्वचित मेंदूचा स्वयंप्रतिकारजन्य आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि उद्या त्याला आकडी आली तर डॉक्टरने कोणत्या दिशेने विचार करायचा हे या भेदावर ठरते. सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातील तपासणी ३० वर्षांपुढील लोकांची होते. मधुमेह आहे की नाही एवढेच ती सांगते, आणि स्वयंप्रतिकारजन्य मधुमेहाचे कित्येक रुग्ण तर तिशीच्या आतलेच असतात.

आता प्रत्यक्ष रुग्णाकडे यावे. समजा, पन्नाशीतला एक मधुमेही शेतकरी सकाळपासून गोंधळलेला आहे आणि त्याला ग्रामीण रुग्णालयात आणले आहे. बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर पाहणे हे पहिले काम एक मिनिटाचे असते. ती ५० च्या खाली असेल तर शिरेतून ग्लुकोज दिले जाते आणि बहुतेक रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडून 'मला इथे का आणले' असे विचारतात. कारणही सहसा सापडते. एकादशीचा उपवास धरला पण सकाळची गोळी मात्र घेतली, किंवा मूत्रपिंड कमजोर असताना ग्लिमेपिराइडसारखी दीर्घकाळ साखर उतरवणारी गोळी चालू राहिली. या दुसऱ्या रुग्णाला लगेच घरी पाठवता येत नाही, कारण गोळीचा अंमल दिवसभर टिकून साखर पुन्हा घसरते. साखर ६०० च्या पुढे असेल तर पाणी व इन्सुलिन यांनी ती हळूहळू उतरवावी लागते आणि भान परतायला एखादा दिवसही लागू शकतो. अतिसाखरेमुळे एकाच हाताला वारंवार झटके येणे, किंवा शरीराच्या एका बाजूला नाचल्यासारख्या अनावर हालचाली होणे, हेही घडते. हे झटके आकडीच्या औषधांपेक्षा साखर आटोक्यात आल्यानेच थांबतात, आणि फेनिटोइनसारखे नेहमीचे औषध उलट साखर वाढवू शकते. म्हणजे साखरेला दोष देणारा डॉक्टर मुळात चुकत नाही. 'साखर' हा संशय रास्त आहे आणि त्याचा उपाय आधी करणे हेच बरोबर आहे.

चूक त्यानंतर होते. साखर १५० वर आली, पाणी देऊन झाले, सकाळ होऊन गेली आणि रुग्ण अजूनही मुलाला भाऊ समजतो आहे. किंवा साखर पहिल्यापासूनच १८० होती आणि तरीही 'शुगर वाढली होती' असे कागदावर लिहिले गेले. मधुमेही माणसाची साखर १८० किंवा २२० असणे ही रोजची गोष्ट आहे, तिने कोणाचे भान हरपत नाही. तरीही कोणताही वाढलेला आकडा समोर आला की स्पष्टीकरण मिळाल्याचे समाधान वाटते आणि तपास थांबतो. साठीपुढच्या पुरुषांत दिसणारा 'एलजीआय-१' या प्रतिपिंडाचा मेंदूदाह या सवयीचा सर्वांत सहज बळी ठरतो. त्यात चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, दिवसात कित्येकदा, आणि सोबत विसराळूपणा वाढत जातो. घरचे त्याला हातातून वस्तू सुटणे, म्हातारपण, कमजोरी अशी नावे देतात. रक्तातील सोडियम कमी निघते, तर ते रक्तदाबाच्या गोळीने झाले असे ठरते. साखर, सोडियम, वय या प्रत्येकाचे स्वतंत्र स्पष्टीकरण तयार असते आणि म्हणून तिघांचे मिळून एकच कारण असू शकेल ही शंका कोणाच्या मनात येत नाही. खरे तर हे झटके या आजाराचे इतके वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे की ते पाहिलेला माणूस ते विसरत नाही, आणि मोबाइलवर केलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण पुण्यातील मेंदुविकारतज्ज्ञाला पानभर वर्णनापेक्षा अधिक सांगते.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत गल्लत दुसऱ्या बाजूने होते. एनएमडीए प्रकारच्या आजारात पहिल्या आठवड्यांत झोप उडते, संशय येऊ लागतात, मुलगी एकटीच बोलते, किंचाळते, मग अचानक मुकी होते. डोंगरपट्ट्यात याला 'बाहेरचे' म्हणतात आणि भगताकडे किंवा देवऋषीकडे नेतात. बाजारगावातील सुशिक्षित कुटुंब तिला मानसोपचारासाठी नेते, ती निवड अधिक समंजस असली तरी आजार तिलाही चकवू शकतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे व साखळदंडाने बांधणे हा गुन्हा ठरवला आहे आणि साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करण्यासही मनाई केली आहे. कायद्याने अघोरी उपाय थांबतो, पण रुग्णाला कोठे न्यायचे हे कायदा सांगत नाही. ते सांगण्याचे काम गावातील कोणीतरी करावे लागते, आणि हे काम होऊ शकते याचा पुरावा याच परिसरात आहे.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या बाबतीत जुन्नर परिसरात जे काम उभे केले त्याचे मर्म येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण जवळजवळ दिसत नाही, सूज येत नाही, आणि सकाळी रुग्ण पोटदुखीची किंवा पापण्या जड झाल्याची तक्रार करतो. ही लक्षणे ठाऊक नसलेल्याला साप आठवण्याचे कारणच नसते. प्रतिविष हे औषध जुनेच होते. परिसरातील डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि गावकरी यांना रात्रीतून पापण्या उतरणे म्हणजे मण्यार असू शकते हे पुन्हा पुन्हा सांगितले गेल्याने भगताकडे जाणारी वाट रुग्णालयाकडे वळू लागली. ओळखीचे ज्ञान खालपर्यंत पोचले की दुर्मीळ किंवा फसवे दुखणेही तालुक्याच्या पातळीवर पकडता येते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. मेंदूदाहासाठी वेगळ्या मोहिमेचा आग्रह धरण्याचे कारण नाही. चालू प्रशिक्षणांतच 'साखर किंवा ताप उतरूनही भान नाही', 'पहिल्यांदाच वेड लागल्यासारखे वागणे आणि सोबत आकडी', 'एका बाजूचा चेहरा व हात वारंवार आखडणे' ही तीन वाक्ये घातली तरी पुष्कळ साधेल.

यावर रास्त आक्षेप घेतला जाईल की जेथे रक्तपांढरी, क्षय आणि बाळंतपणे यांनाच माणसे व औषधे अपुरी पडतात तेथे असल्या दुर्मीळ आजाराची चर्चा ही चैन आहे. अमेरिकेतील ओल्मस्टेड परगण्यात मेयो क्लिनिकने केलेल्या मोजणीत या आजाराचे प्रमाण दरवर्षी लाखामागे ०.८ इतके आले, जंतुजन्य मेंदूदाहाच्या प्रमाणाच्या आसपासच. जुन्नर आणि आंबेगाव मिळून लोकसंख्या सहा लाखांहून अधिक आहे. तिकडचा दर इकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी अंदाजापुरता लावला तर वर्षाला पाचेक रुग्ण येतात, आणि प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण पाहता त्यांतील एखाद्याला निव्वळ योगायोगानेही मधुमेह असू शकतो. संख्या थोडी आहे हे कबूल केले पाहिजे. परंतु वर सांगितलेली शिस्त केवळ या पाचांसाठी नाही. साखर सुधारूनही भान न आलेल्या माणसाला अर्धांगवायू असू शकतो, क्षयाचा मेंदूज्वर असू शकतो, डोक्यात रक्त साकळलेले असू शकते, सोडियम धोक्याच्या पातळीवर घसरलेले असू शकते. या प्रत्येकात तास मोजके असतात आणि प्रत्येकात 'शुगरमुळे आहे, उद्या बघू' हे वाक्य सारखेच घातक ठरते. शिवाय या शिस्तीला पैसा लागत नाही. यंत्रावर दुसऱ्यांदा साखर पाहणे आणि दोन्ही वेळा घड्याळ पाहणे एवढेच लागते.

खर्चाचा प्रश्न पुण्यात पोचल्यावर उभा राहतो. पाठीच्या मणक्यातून पाणी काढणे, एमआरआय, मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख आणि प्रतिपिंडांची तपासणी यांतील शेवटच्या तपासणीचा निकाल यायला अनेक दिवस लागतात. २०१६ मध्ये फ्रान्सेस्क ग्राउस आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निकषांचा गाभाच असा आहे की जंतुसंसर्ग वगळून लक्षणे व प्राथमिक तपासण्या जुळत असतील तर प्रतिपिंडांच्या कागदाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. उपचारात शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे असंख्य रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे, आणि रक्तद्रव बदलणे यांचा समावेश होतो. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या २४ कुप्या. शेतकरी कुटुंबाला हा खर्च एखाद्या हंगामाच्या उत्पन्नाहून जड जातो. हीच कुपी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात घरोघर चर्चेत आली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गिलेन-बारे या स्वयंप्रतिकारजन्य चेताविकाराची साथ उद्भवली आणि रुग्णसंख्या दोनशेपलीकडे गेली. तो आजार मेंदूऐवजी हातापायांच्या चेतांवर हल्ला करतो, पण इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्तद्रव बदलणे हे त्याचेही उपचार आहेत. त्या वेळी शहरातील रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालयात, पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांसाठी यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि ग्रामीण भागातील रुग्णांसाठी ससूनमध्ये मोफत उपचारांची घोषणा झाली. शासनाने मनावर घेतले की काही दिवसांत व्यवस्था उभी राहते, हे तेव्हा दिसले. गावागावांतून एकेकटा येणारा मेंदूदाहाचा रुग्ण साथीत मोडत नाही, त्याची बातमी होत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी घोषणाही होत नाही. हा फरक आजाराच्या गांभीर्याचा नसून डोळ्यांत भरणाऱ्या संख्येचा आहे आणि तो समर्थनीय नाही.

उपचारानंतर रुग्ण गावी परततो तेव्हा मधुमेहाशी असलेले तिसरे नाते सुरू होते, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित राहते. स्टेरॉइड साखर वाढवते, ज्याला मधुमेह नव्हता त्यालाही काही काळ मधुमेही करू शकते. घरी महिनोन्‌महिने चालणारी प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी घेतली जाते, तिचा परिणाम दुपारच्या जेवणानंतर चढतो, संध्याकाळपर्यंत टिकतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. परिणामी सकाळी अनशापोटी केलेली तपासणी जवळजवळ ठीक येते आणि दुपारी चार वाजता साखर ३५० असू शकते, जी कोणी पाहतच नाही. गावपातळीवरची तपासणी बहुधा सकाळीच होते. पुढे स्टेरॉइडची मात्रा उतरत जाते पण इन्सुलिनची मात्रा तीच राहते, आणि साखर घसरून रुग्ण पुन्हा असंबद्ध बोलू लागतो. या वेळी घरचे घाबरून 'मेंदूचे दुखणे उलटले' असे समजतात, प्रत्यक्षात ते खरोखरच साखरेचे असते. खर्च किंवा साखर यांच्या भीतीने कोणी स्टेरॉइड एकाएकी बंद केले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि दाहही पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या घरी आशाताईंची भेट सकाळऐवजी दुपारनंतर असावी, आणि पुण्याच्या रुग्णालयाने घरी पाठवताना दिलेल्या कागदावर प्रत्येक आठवड्याच्या स्टेरॉइडच्या मात्रेशेजारी इन्सुलिनची मात्राही मराठीत लिहिलेली असावी.

जीएडीच्या रुग्णांबाबत अधिक सबुरी ठेवावी लागते. एनएमडीए किंवा एलजीआय-१ यांत प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि ते हटवले की पेशी पुष्कळदा सावरते. जीएडी पेशीच्या आत असते, तेथील नुकसानीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचा हात अधिक असतो आणि उपचारांना प्रतिसाद मंद व अपुरा मिळतो. अशा कुटुंबाला 'महिन्यात बरा होईल' असे आश्वासन देणे अन्यायाचे आहे. आकडीची औषधे वर्षानुवर्षे, इन्सुलिन जन्मभर, आणि मधून मधून पुण्याची फेरी हे त्याला आधीच सांगितलेले बरे, म्हणजे ते दुसऱ्या महिन्यात कंटाळून सगळेच सोडून देणार नाही.

या सर्वांतून तालुक्याच्या डॉक्टरकडे आणि व्यवस्थेकडे करायची मागणी लहानच उरते. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथील सरकारी रुग्णालये येथून भान हरपलेल्या मधुमेही रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर केवळ 'शुगर, बेशुद्ध' असे लिहू नये. साखर पहिल्यांदा किती वाजता किती होती, उपचारानंतर किती वाजता किती झाली आणि त्या दुसऱ्या वेळी रुग्णाने स्वतःचे नाव, गाव व वार बरोबर सांगितला का, एवढ्या तीन नोंदी कराव्यात. तरुण स्त्री असेल तर पोटाची सोनोग्राफी तेथेच करून अंडाशयातील गाठीचा शेरा सोबत द्यावा. घरच्यांनीही ही चिठ्ठी हातात पडताच वाचावी आणि दुसरी साखर लिहिलेली नसेल तर रुग्णवाहिका हलण्यापूर्वी ती लिहून मागावी.